धाकूच्या दोन बाटल्या

धाकू मेथरचं नाव जगात दोनच ठिकाणी छापलेलं होतं. एक मतदारयादीत, आणि दुसरं एका किड्याच्या नावात. मतदारयादीतलं नाव गावात शेकडो जणांचं असतं, त्याची कोण कशाला फुशारकी मारेल? पण किड्याचं नाव 'धाकुई' होतं, चांगलं लॅटिनमध्ये, आणि तो कागद चौकटीत घालून पातवाडीच्या त्याच्या घराच्या पडवीत तीस वर्षं लटकत होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला धाकू तो दाखवायचा, आणि वाडीतली माणसं त्याला हटकून विचारायची, "काय तात्या, तुमचे किडे बरे आसत मां?"

हे नाव ज्यांनी ठेवलं त्या डॉ. कालिंदी शिंत्रे. बाई मूळच्या मिरजेच्या. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो बाविसाव्या वर्षी, आणि पोहायला काही त्या शेवटपर्यंत शिकल्या नाहीत. मालवणच्या उत्तरेला पातवाडीच्या खाडीवर एक लहानसं सागरी जीव केंद्र आहे, तिथे त्या नोकरीला लागल्या तेव्हा केंद्राच्या होडीवर धाकू नावाडी होता. तो बुडी मारून प्राणी वर आणायचा आणि या होडीत बसून, दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून, ते मोजायच्या. असा दोघांचा संसार, म्हणजे शास्त्राचा, एकवीस वर्षं चालला. मग धाकू निवृत्त झाला. आता दोन हजार त्रेचाळीस साली तो ब्याऐंशीचा होता आणि कालिंदीबाईंच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते.

त्या पाच महिन्यांत काही घडू नये एवढीच बाईंची अपेक्षा होती. पण सोमवारी सकाळी पोपटाचं पत्र आलं.

पोपट म्हणजे धक्क्यावरची हिरवी पेटी. तिचं सरकारी नाव मोठं लांबलचक आहे, ते कुणी घेत नाही. पेटीत थेंबभर पाणी किंवा चिमूटभर मांस टाकायचं. ती त्यातला डीएनए वाचते, देशभरातल्या संग्रहाशी ताडून पाहते आणि प्राण्याचं नाव मोठ्याने सांगते. नुसतं नाव नाही, त्याच्या मागे ते नाव देणाऱ्याचं आडनाव आणि सालही. "धाकुई, शिंत्रे, दोन हजार तेरा," असं पोपट खणखणीत आवाजात म्हणायचा आणि धाकू, बाई शेजारी उभ्या असल्या की मुद्दाम, सुनेला विचारायचा, "ह्यो शिंत्रे कोण गो?" बाई दर वेळी तेच उत्तर द्यायच्या. "ज्याने तो प्राणी पहिल्यांदा बघून ओळखला, त्याचं आडनाव मागे लागतं तात्या. शास्त्रातली पद्धत आहे." धाकू मान हलवायचा, पुढच्या वेळी पुन्हा विचारायला मोकळा.

पत्रात काय होतं ते कळायला आधी पिचकारी कळली पाहिजे. पुस्तकातलं नाव घेऊन उपयोग नाही. खाडीवरच्या बायका तिला पिचकारीच म्हणतात. खडकाला, दोराला चिकटून राहणारी, मऊ पिशवीसारखी, अंगठ्याएवढी. एका तोंडाने पाणी आत घेते, आतल्या चाळणीतून गाळते, दुसऱ्या तोंडाने सोडते. दाबली की चूळ टाकल्यासारखी पिचकारी उडते. दिसायला अगदीच गबाळी, पण तिच्या अंगातून निघणाऱ्या एका द्रव्यापासून रक्ताच्या कर्करोगावरचं औषध होतं. दहा वर्षांपूर्वी ते सापडलं आणि पातवाडीच्या बायकांनी खाडीत दोर सोडून पिचकाऱ्यांची शेती सुरू केली. धाकूची सून सुचिता त्यांची म्होरकी.

आणि या पिचकारीच्या पोटात भाडेकरू राहतो. दीड-दोन मिलिमीटरचा, कोळंबीच्या लांबच्या गोतावळ्यातला, वल्ह्यासारख्या पायांचा. पाठीवर पिशवीत अंडी घेऊन मादी आत बसते ती जन्मभर बाहेर येत नाही. घरात बसून खाते म्हणून त्याला परजीवी म्हणायचं. तोच हा धाकुई.

आता पत्र. बाईंनी तीस वर्षांपूर्वी अल्कोहोलमध्ये जपून ठेवलेल्या नमुन्यांचा डीएनए पोपटाच्या वडीलधाऱ्या, म्हणजे देशभरातला संग्रह सांभाळणाऱ्या मोठ्या यंत्राने केव्हाच वाचला होता. त्यात दोन तऱ्हा निघाल्या होत्या. पण बाईंच्या लेखात एकच जात म्हटलेली, तेव्हा यंत्रानेही दोन्ही एकाच नावाखाली ठेवल्या. गेल्या वर्षी एका परदेशी संग्रहालयातले शंभर वर्षांपूर्वीचे नमुने वाचले गेले आणि त्यातल्या एकाशी आपली एक तऱ्हा तंतोतंत जुळली. तो शंभर वर्षांचा प्राणी म्हणजे नामचीन कीड. तिने दक्षिणेकडच्या तीन खाड्यांतली पिचकाऱ्यांची शेती पोखरून संपवली होती. यंत्राचा निष्कर्ष सरळ होता: धाकुई म्हणजे तीच कीड. म्हणून पातवाडीच्या सगळ्या दोरांना तीस दिवसांनी कीडनाशकाची बुडी द्यायची. हरकत असेल तर मूळ काच पाठवावी.

बाईंना आधी रागच आला. आपला धाकुई कीड नाही याची त्यांना खातरी होती. उलट दोन वर्षांपूर्वी सुचिताने एक दोर गोड्या पाण्यात धुऊन किडे मारून पाहिले, तर पिचकाऱ्या चांगल्या गुबगुबीत झाल्या, पण त्यांच्यात औषधी द्रव्य औषधालाही उरलं नाही. या भाडेकरूचा आणि द्रव्याचा काहीतरी संबंध होता. बुडी दिली तर सगळी खाडी नुसत्या पाण्याच्या पिशव्यांनी भरून राहिली असती.

"पाठवते की काच," असं म्हणत बाईंनी कपाट उघडलं.

ही काच म्हणजे या धंद्यातली सातबाऱ्यापेक्षा मोठी गोष्ट. नवी जात जाहीर करताना एकच प्राणी निवडायचा, काचेवर कायमचा बसवायचा, आणि नाव त्या प्राण्याला द्यायचं. वर्णन चुकलं, चित्र चुकलं तरी चालतं. पुढे कधी वाद झाला तर काचेवर जो आहे त्याचंच ते नाव. नाव काचेला चिकटतं.

बाईंनी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि शेजारी स्वतःच्या हातचं जुनं चित्र उघडलं. पाचव्या पायाच्या टोकाला चित्रात तीन केस होते. काचेवर दोन. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा मोजले. दोनच. शेपटीचा काटा चित्रात आखूड, काचेवर लांब. शंभर वर्षांपूर्वीचं किडीचं वर्णन त्यांनी पडद्यावर आणलं. दोन केस, लांब काटा.

मग त्यांना तो दिवस आठवला. ज्या प्राण्याचं चित्र काढलं तो उचलताना सुईखाली तुटला होता. म्हणून त्यांनी त्याच बाटलीतून दुसरा घेतला, सारखाच दिसणारा, आणि काचेवर बसवला. घाईत. तीस वर्षं लोकांना 'घाई नको' म्हणून शिकवणाऱ्या बाईंनी घाईत. यंत्राची काडीचीही चूक नव्हती. त्याने बाईंची चूक इमानाने पाठ केली होती. कालिंदीबाई खुर्चीत मागे टेकल्या आणि त्यांना लाज वाटली, अगदी शाळेत पकडलेल्या मुलीसारखी.

हिशोब साधा होता. काच पाठवली तर 'धाकुई' हे नाव किडीचं ठरणार. किडीला आधीचं नाव आहेच, आणि जुन्यापुढे नवं टिकत नाही, म्हणजे धाकुई कायमचं बाद. खाडीतल्या खऱ्या प्राण्याचं नव्याने वर्णन करता येईल, त्याला वेगळं नाव मिळेल, बुडी टळेल. पण धाकूचं नाव त्याला परत देता येणार नाही. त्या कुळात एकदा वापरून बाद झालेलं नाव पुन्हा चालत नाही. आंतरराष्ट्रीय मंडळाकडे अर्ज करता येतो, पण तिथला निकाल यायला पाच-पाच वर्षं लागतात, आणि पाच वर्षांनी धाकू कुठे असेल हे काय सांगायला हवं?

आणि काच फुटली तर? मूळ नमुना नष्ट झाला तर नवा निवडायची नियमात सोय आहे. बाई तीन केसांचा प्राणी निवडतील, धाकुई हे नाव त्याला चिकटेल, खाडी वाचेल, पडवीतली चौकट राहील. कुणाचंही नुकसान नाही. काचच ती, साठीला आलेल्या बाईच्या हातून निसटली तर कोण संशय घेणार?

बाईंनी काच कापसात गुंडाळली, पर्समध्ये घातली आणि त्या पातवाडीला निघाल्या. का निघाल्या ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. बहुधा धाकूकडे बघितल्यावर ठरवणं सोपं जाईल असं वाटलं असावं.

धाकू पडवीत जाळं विणत बसला होता. मोतीबिंदू काढल्यापासून त्याची नजर पोरांना लाजवील अशी झाली होती. सुचिता दाराशी दोर धूत होती. बाईंना बघून तिने हात पुसले.

"बाई, बुडीचा काय झाला? बायका माका रोज विचारतत."

"थांबेल बुडी," बाई म्हणाल्या. "थांबवणार मी ती. पण तात्या, तुमच्याशी बोलायचंय."

त्यांनी सगळं सांगितलं. काही न लपवता, चित्र, सुई, काच, दोन केस, तीन केस. धाकूचे हात जाळ्यावर चालत राहिले, मग थांबले.

"म्हंजे ता नाव आता त्या हावऱ्या किडीचा?"

"तिचंही नाही. तिचं जुनं नाव आहे. तुमचं नुसतं पुसलं जाणार."

धाकूने चौकटीकडे पाहिलं. त्याला वाईट वाटलं होतं आणि ते लपवायची त्याने खटपटही केली नाही. बाईंना ते बघवेना. त्यांनी पर्समधून काच काढून त्याच्या हातात दिली.

"ही ती काच. ही जर फुटली ना तात्या, तर नाव वाचतं. खाडीही वाचते. मी नवा नमुना निवडते, कुणाला काही कळत नाही."

"मगे फोडा," सुचिता दारातून म्हणाली. "त्यात इतको इचार कसलो? नायतर माझ्याकडे द्या, माझ्या हातात काय्येक ऱ्हवणा नाय."

धाकूने काच उन्हात धरली. आतला ठिपका डोळ्यांना जेमतेम दिसत होता. काच त्याने नुसती दोन बोटांच्या टोकांत धरली होती, आणि कालिंदीबाईंच्या मनात आलं, पडू दे. खरंच, पडू दे त्याच्या हातून, म्हणजे मला काही करावं लागणार नाही. स्वतःचा हा विचार त्यांना मुळीच आवडला नाही.

"बाय," धाकू म्हणाला, "तुका मी मधलो खडक दाखवलंय, आठवता? पाण्याखालचो. देवळाचो कळस नि टेकडीवरचो जोडमाड एका रेषेत इलो की समजायचा, आता होडी डाव्या हातान काढायची. ती खूण माझ्या बापाशीन माका दिल्यान."

"आठवतंय ना. मी डोळे मिटून बसायची तिथे."

"तो जोडमाड वादळात पडलो. मी दुसऱ्या माडाक बोट दाखवन पोरांका सांगलंय असतंय, ह्योच तो, तर कोणाक कळला नसता. माझी अब्रू ऱ्हवली असती, तात्याक सगळी खूण म्हायत म्हणान. पण होडी खय चढली असती?" त्याने काच परत बाईंच्या हातात ठेवली. "तुझ्या मागसून कोणतरी येतलाच मां ही काच बघूक."

बाईंनी काच कापसात गुंडाळली. सुचिता पुटपुटत पुन्हा दोर धुवायला लागली.

"आणि एक सांगतंय, रागावणा नाय मां?" धाकूने जाळं पुन्हा उचललं. "तुका तेव्हा मी दोन बाटल्ये दिल्लंय."

"कसल्या दोन?"

"किड्यांच्ये. लाल अंड्यांचो वरती बसता, चाळणीत. पांढऱ्या अंड्यांचो खाली, पोटाच्या तोंडाशी. दोगांची दोन घरा, म्हणान दोन बाटल्ये. तू म्हणालंस, अल्कोहोल पुरणा नाय, आणि दोनय एका बाटलेत ओतलंस. मी म्हटलंय, शिकलेली बाय आसा, तिका म्हायत असतला."

बाईंना ते ओतणं आठवलं. अल्कोहोल तेव्हा परवान्यावर मोजून मिळायचं, वर्षाअखेरीला वाटीभर उरायचं, आणि बाटल्या एकत्र करणं ही केंद्रातल्या सगळ्यांचीच सवय होती. आणि अल्कोहोलमध्ये पडल्यावर दिवसभरात अंड्यांचा रंग उडतो. लाल काय नि पांढरं काय, सगळं चुन्यासारखं. जिवंतपणी जो फरक उघड्या डोळ्यांना दिसत होता तो त्यांनी स्वतःच्या हाताने धुऊन टाकला होता, आणि मग तीस वर्षं सूक्ष्मदर्शकातून बघत होत्या.

"तात्या, तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललंय. तू वहीत लिवलंस पण."

ती वही केंद्रात माळ्यावर सापडली. निळ्या शाईत, त्यांच्याच अक्षरात, तारखेसकट: 'धाकू म्हणतो दोन प्रकार आहेत. रंगाचा फरक असावा.' ओळ तिथेच संपत होती. खाली त्या दिवसाच्या भरतीची वेळ लिहिलेली होती.

दुसऱ्या दिवशी कालिंदीबाईंनी धाकूला केंद्रात बोलावलं. टेबलावर खाडीतल्या ताज्या पिचकाऱ्या, एक बारीक कात्री, भिंग आणि दोन बश्या. धाकू पिचकारी उभी चिरायचा, आत डोकावायचा, चिमट्याने किडा उचलून डाव्या नाहीतर उजव्या बशीत ठेवायचा. बाई नुसत्या क्रमांक टाकायच्या. अशा चार सकाळी गेल्या. एकूण एकशे चाळीस किडे झाले, आणि ते सगळे पोपटाला खायला घातले.

पोपटाने वाचलं: एकशे एकोणचाळीस धाकूने ठेवले त्याच बाजूचे. दोन तऱ्हा म्हणजे एका जातीतला फरक नव्हता. दोघांमध्ये कुठेही मिसळ नव्हती, दोन सरळ वेगळ्या जाती: लाल अंड्यांची ती दोन केसांची कीड, आणि पांढऱ्या अंड्यांचा तीन केसांचा, बाईंच्या चित्रातला. आणि जे औषधी द्रव्य पिचकारी तयार करते असं सगळे धरून चालले होते, ते तयार करणारा जिवाणू फक्त पांढऱ्या अंड्यांच्या मादीच्या पोटात सापडला. तिची पिल्लं पोहत एका पिचकारीतून दुसरीत जातात आणि जाताना जिवाणू घेऊन जातात. भाडेकरू कसला, तोच घरात शिदोरी आणत होता.

"आणि तो एक कसा चुकला तात्या?"

"त्याची अंडी सांडलेली. अंदाजान ठेवतंय म्हणान मी तुका सांगलंय होतंय."

बाईंनी वहीत पाहिलं. सांगितलं होतं.

लेख लिहायला अकरा दिवस लागले. अशा लेखाची भाषा कोरडी असते: पहिला पाय असा, दुसरा तसा, केस तीन. ते बाईंना काहीच कठीण गेलं नाही. कठीण गेला एक परिच्छेद. 'दोन हजार तेरा सालच्या वर्णनात दोन जाती एकत्र झाल्या होत्या. चित्र एका जातीचं आणि मूळ नमुना दुसऱ्या जातीचा होता. नमुने गोळा करणाऱ्याने दोन्ही वेगळे करून दिले होते. ते एकत्र करण्याची चूक प्रस्तुत लेखिकेची.' शेवटचं वाक्य त्यांनी सात वेळा लिहिलं आणि सातही वेळा सौम्य करायचा मोह आवरला. धाकुई हे नाव त्यांनी स्वतःच्या हाताने बाद नावांच्या यादीत टाकलं, आणि तेव्हा त्यांना रडू आलं.

मग त्या नवं नाव विचारायला पातवाडीला गेल्या.

"तुझा घाल," धाकू म्हणाला.

"लेख लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायचं नसतं. रीत नाही."

"मगे गावाचा घाल. मागसून येणाऱ्याक खय मिळता ता तरी समजात."

नाव पातवाडीचं ठरलं. बाईंनी एक अर्ज पुढे केला आणि सही कुठे करायची ते दाखवलं. धाकूने कसला अर्ज म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "केंद्राचा आहे. माझ्यावर विश्वास आहे ना?" "बाटल्येचा सोडून आसा," तो म्हणाला, आणि एकेक अक्षर सावकाश काढत त्याने सही केली. त्या अर्जावर 'व्यवसाय' अशी एक जागा होती. तिथे बाईंनी 'नावाडी' असं आधीच लिहून ठेवलं होतं.

बुडीला पाच दिवस उरले असताना लेख छापून आला. पांढऱ्या अंड्यांचा प्राणी यंत्राच्या यादीत गेला, बुडीत किडीबरोबर तोही मेला असता हे यंत्राला कळलं, आणि बुडी रद्द झाल्याचं पत्र संध्याकाळपर्यंत सुचिताच्या हातात पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बायका धक्क्यावर जमल्या. बाई धाकूला घ्यायला घरी गेल्या. पडवीत जुनी चौकट जागच्या जागी होती.

"काढली नाहीत?"

"कित्याक? खय चुकलंव ता पण दिसूक व्हया."

बाईंना हे लागलं आणि बरंही वाटलं. दोघं हळूहळू धक्क्यावर गेली. सुचिताने एक पिचकारी चिरली, पोटाच्या तोंडाशी बसलेला किडा चिमट्याने काढला आणि पोपटाच्या तोंडात टाकला. पेटी थोडा वेळ घुमली. मग तिने नवं नाव सांगितलं, पातवाडीचं, आणि नेहमीसारखं त्याच्या मागचं आडनाव आणि साल.

"मेथर आणि शिंत्रे, दोन हजार त्रेचाळीस."

बायकांना काय झालं ते कळायला वेळ लागला. आपण सही केलेला अर्ज लेखकांचा होता हे धाकूला आत्ता कळलं. त्याने बाईंकडे पाहिलं नाही, तेवढं धाडस त्याला झालं नाही म्हणा. इतकी वर्षं ज्यांना त्याने चिडवलं होतं त्या कालिंदीबाई त्याच्या शेजारी आल्या आणि अगदी साळसूदपणे त्यांनी सुचिताला विचारलं, "काय गं, हा मेथर कोण?"

सुचिता उत्तर देणार तेवढ्यात धाकूनेच घसा साफ केला.

"ज्येना पयलो बगल्यान, तो," तो म्हणाला.